पाडलेल्या दोन बिऱ्हाडांचा इतिहास : आमच्याच एका लेखाची उलटतपासणी

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा घरादारांशी काय संबंध? खुलासा करतो. घरं कशी बांधावीत यावर आम्ही बोलणार नाही. घर पाडल्यावर त्याच्याबद्दल जे लिहिलं जातं, त्यावर बोलणार आहोत. आणि टीका करायची तर सुरुवात घरातूनच करावी, म्हणून टीकेसाठी लेख घेतला आहे तो आमचाच.

आम्ही १९७३ साली बारामतीला अध्यापक म्हणून रुजू झालो. वर्ष दुष्काळाचं होतं. गावाच्या कडेला, कालव्याच्या बाजूला, एका मालकाची भाड्याने द्यायची दोन जोडघरं होती. मधे एकच भिंत, पुढे सामाईक ओटा, वर पत्रा, आत दोन खोल्या आणि कोपऱ्यात मोरी. संडास मागे, दोन्ही बिऱ्हाडांत मिळून एक. त्यातल्या डावीकडच्या घरात आम्ही उभयता सहा वर्षं राहिलो. पुढे बदली झाली, पुण्यात आलो. २०१२ च्या सुमारास ती घरं पाडली आणि तिथे चार मजली इमारत उभी राहिली. ते कळल्यावर आम्ही एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिला. लोकांना आवडला. पत्रं आली, फोन आले. त्यातल्या एका फोनमुळे आजचं हे व्याख्यान आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

आधी लेखात काय होतं ते सांगतो. पहिलं पान मालकांच्या घराण्याचं. त्यांच्या वडिलांनी घरं बांधली, दगड कुठून आणला, लाकूड कुठून आलं. दुसरं पान बारामतीच्या थोरवीचं. बाबूजी नाईकांचा वाडा, कऱ्हा नदी, मोरोपंत. उरलेली पानं आमच्या आठवणींची. पत्र्यावरचा पाऊस, ओट्यावरच्या गप्पा, शेजारणीने पाठवलेली भाकरी. शेवटी, काळाच्या ओघात सगळं जातं, अशा अर्थाचं एक वाक्य. मंडळी, असे लेख आपण शेकड्याने वाचतो. वाडा पडला की एक, चाळ पडली की एक. आमची तक्रार अशी की या लेखांत खरं पुष्कळ असतं, तरी इतिहास चुकलेला असतो. तो कसा, ते बघू.

पहिली चूक सुरुवातीची. आपण घराचा इतिहास मालकापासून सुरू करतो. का? कारण कागद मालकाचे असतात. गावात ग्रामपंचायतीचा नमुना आठ, शहरात सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक. नमुना आठमध्ये मालकाच्या नावाशेजारी भोगवटादाराच्या नावाला जागा असते. पण दर दोन-तीन वर्षांनी बदलणाऱ्या बिऱ्हाडाचं नाव तिथे चढवायला कोण जातो? म्हणजे रकाना आहे, इतिहास नाही. भाडेकरूचा खरा कागद म्हणजे भाडेपावती. पावती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात ते होतं, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही आहे. या नव्या कायद्याने तर भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असं सांगितलं, आणि तसा तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावं असंही म्हटलं. कायदा भाडेकरूच्या शब्दाला एवढी किंमत देतो. आमच्या लेखाने दिली नव्हती. आम्ही स्वतः भाडेकरू असून आमच्या लेखाचं पहिलं पान मालकांना दिलं!

इथे मराठीतला एक शब्द आपल्याला मदत करतो. बिऱ्हाड. घर वेगळं, बिऱ्हाड वेगळं. घर जागेवर असतं, बिऱ्हाड माणसांबरोबर चालतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. विंचवाचं घर पाठीवर, असं म्हणत नाही. घर बांधतात, बिऱ्हाड करतात किंवा थाटतात. घर मोडलं तर संकट, बिऱ्हाड हललं तर रोजचीच गोष्ट. आता आमचा प्रश्न असा. ती जोडघरं पाडली तेव्हा नेमकं काय नाहीसं झालं? मालकाचं घर म्हणाल तर त्याचं रूपांतर झालं, एका मजल्याचे चार मजले झाले. नाहीशी झाली ती बिऱ्हाडांची जागा. आणि तिच्याबद्दल मालकाच्या कागदांत ओळ नाही.

तुम्ही म्हणाल, हा शब्दच्छल झाला. तर आपल्या परंपरेतलाच दाखला देतो. वैशेषिकांनी पुढच्या काळात अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला. जमिनीवर घडा नाही, हेही एक ज्ञान आहे, असं ते म्हणतात. हा अभाव चार प्रकारचा. वस्तू तयार होण्यापूर्वीचा तो प्रागभाव. नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. जी वस्तू एखाद्या ठिकाणी तिन्ही काळांत नाही तिचा तिथला अभाव तो अत्यंताभाव. आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे, हा अन्योन्याभाव. प्रध्वंसाभावाची गंमत बघा. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. घडा एकदा फुटला की फुटला. नवा घडा आणाल, पण तो दुसरा. घर पाडल्याचं दुःख या एका व्याख्येत मावतं.

पण नैयायिक पुढे आणखी एक अट घालतो, आणि ती इतिहासकाराने कोरून ठेवावी अशी आहे. अभाव नुसता कधीच नसतो. तो कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, त्याला म्हणतात प्रतियोगी. प्रतियोगी माहीत नसेल तर अभाव कळतच नाही. आज त्या चार मजली इमारतीत नव्याने राहायला आलेल्या मुलाला तिथे काहीच 'नाही' असं दिसत नाही. त्याला इमारत दिसते. आम्हाला तिथे पोकळी दिसते, कारण आम्हाला प्रतियोगी माहीत आहे. तेव्हा पाडलेल्या वास्तूचा इतिहास लिहिणं म्हणजे प्रतियोगी नीट सांगणं. दगड, लाकूड, मालकाचं घराणं एवढंच सांगितलंत, तर तुम्ही चुकीच्या वस्तूचा अभाव सांगितलात.

आता दुसरी चूक, थोरवीची. आमच्या लेखात मोरोपंत आले. का आले? बारामतीबद्दल लिहायचं आणि आर्याभारत लिहिणाऱ्या कवीचं नाव नाही, हे कसं दिसेल, म्हणून आले. पण ते जर खरोखर विषयाशी जोडून आणले असते तर किती चांगलं झालं असतं! मोरोपंत पराडकर मूळचे बारामतीचे नव्हेत. जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. बारामतीला आले ते नाईकांच्या आश्रयाने, आणि १७९४ मध्ये तिथेच वारले. म्हणजे ज्या माणसामुळे मराठी वाङ्मयात बारामतीचं नाव झालं तो बाहेरून आलेला, दुसऱ्याच्या आसऱ्याला राहिलेला माणूस. गावाचा इतिहास गावात रुजलेल्यांनीच घडवला, या समजुतीला याहून चांगलं उत्तर नाही. आम्ही मात्र मोरोपंतांना तोरणासारखं दारावर लावलं आणि आत गेलो.

याच चुकीची दुसरी बाजू जतनाची. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. आंबेडकर १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षं राहिले. पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकाच्या दोन खोल्या. भाड्याची जोडीच ती! लंडनला किंग हेन्री रोडवर १९२१-२२ च्या सुमारास ते राहिले ते घरही भाड्याचं. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतलं. या जागा जपायलाच हव्यात, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यातून आपण धडा कोणता घेतला? मोठा माणूस राहून गेला तर भाड्याच्या खोलीलाही इतिहास असतो, एवढाच. त्याच चाळीच्या बाकीच्या खोल्यांत गिरणीतल्या पाळ्या संपवून येणारी माणसं राहत होती. त्यांच्या शेजाराने त्या दोन खोल्यांना अर्थ होता. शेजार वगळून खोली जपली तर ती देवघर होते, बिऱ्हाड राहत नाही.

तिसरी चूक आमच्या धंद्याची, म्हणजे तत्त्वज्ञांची. लेखात आम्ही हायडेगरचं नाव घेतलं होतं. असं नाव घेतलं की लेखाला वजन येतं! १९५१ साली डार्मस्टाट इथे त्यांनी बांधणं, राहणं आणि विचार करणं यांवर व्याख्यान दिलं. बांधणं हे मुळात राहणंच आहे, असा त्यांचा मुद्दा. आपल्याकडेही वास्तू हा शब्द 'वस्', म्हणजे राहणं, याच धातूतून आला आहे, तेव्हा आपल्याला तो चटकन पटतो. पण उदाहरण कोणतं घेतलं बघा. ब्लॅक फॉरेस्टमधलं दोनशे वर्षांपूर्वीचं शेतकऱ्याचं घर. त्यात बाळंतपणाची जागा, शवपेटीची जागा, पिढ्यान्‌पिढ्या एकाच छपराखाली. युद्धानंतर जर्मनीत लाखो लोकांना छप्पर नव्हतं, अशा वेळचं हे व्याख्यान. आणि त्यात ते म्हणतात की राहण्याचं खरं संकट घरांच्या टंचाईत नाही, राहायला शिकण्यात आहे. विचार खोल आहे, नाकारत नाही. पण जो दर महिन्याच्या पाच तारखेला भाड्याची जुळणी करतो, त्याने बाळंतपण आणि मरण यांच्या जागा कुठे आखायच्या? आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एक बाळंतपण झालं, ते ओट्यावर लुगड्याचा आडोसा करून. राहणं तिथेही होतं. घराने ते दिलं नव्हतं, माणसांनी केलं होतं.

त्या शेजाऱ्यांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण लेखात ती फक्त 'भाकरी पाठवणारी शेजारीण' म्हणून आली. हे कुटुंब इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. उजनीचं काम चाललं होतं, काठची गावं उठायला लागली होती. धरण पुरं झालं १९८० मध्ये, पण माणसं त्याआधीच हलू लागली. नवरा गावात शिंप्याचं काम करायचा. दुकान भाड्याचं, घरही भाड्याचं, शेत नाही. घराची भरपाई मिळायची ती ज्याच्या नावावर घर त्याला. आमच्या शेजाऱ्याचं नाव कशावरच नव्हतं. तो एक शिवणयंत्र आणि दोन ट्रंका घेऊन बारामतीला आला. त्याची बायको एकदा आमच्या सौभाग्यवतींना म्हणाली, "बाई, ज्यांची घरं गेली त्यांची निदान गेली तरी. आमचं काय गेलं हे सांगायला बी तोंड नाही." मंडळी, प्रतियोगी नसलेला अभाव म्हणतात तो हा! काय गेलं हेच नोंदलेलं नाही, तर गेलं हे सिद्ध कसं करायचं?

आज उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं. पेपरात फोटो येतात, लोक होड्यांतून बघायला जातात. दगड टिकतो, म्हणून दगडाचा इतिहास वर येतो. मातीच्या भिंतीचं भाड्याचं घर कितीही पाणी ओसरलं तरी वर येत नाही. इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे, बारामतीला नाईकांचा वाडा आहे. त्यांच्या डागडुजीबद्दल आपण बोलतो, बोलावंही. पण गढी आणि खोली यांतला फरक टिकाऊपणाचा आहे, महत्त्वाचा नाही.

आणखी एक गोष्ट लेखातून सुटली. कारणं. ती जोडघरं मुळात का बांधली गेली? नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला, पाण्यामागे बागायत आली, ऊस आला, बाजार वाढला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखाना निघाला आणि कंपनीच्या घरांची वसाहत वसली. कंपनीचं घर हाही एक नमुनाच. नोकरी आणि छप्पर एकाच हाती, एक गेलं की दुसरं जातं. बारामतीत १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झालं आणि बाहेरगावचे विद्यार्थी, अध्यापक खोल्या शोधू लागले. पुढे एमआयडीसी आली. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी परगावाहून आला आणि कुणीतरी अंगणात दोन खोल्या काढल्या. तेव्हा भाड्याची खोली हा गावाचा किरकोळ भाग नाही. गाव वाढतं ते त्याच दारातून. आणि ऊस म्हटलं की कोप्या आल्या. मराठवाड्यातून, नगरकडून येणारे ऊसतोड मजूर पाचटाच्या कोप्या घालतात, हंगाम संपला की त्या मोडतात. दरवर्षी बांधलं जाणारं आणि दरवर्षी मोडलं जाणारं हे गाव. त्याच्यावर कुणी दिवाळी अंकात लेख लिहीत नाही.

आता तो फोन. लेख छापून आल्यावर महिनाभराने आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तोही आता निवृत्त झाला आहे. म्हणाला, "सर, लेख छान आहे. पत्र्यावरचा पाऊस अगदी डोळ्यांसमोर आला. फक्त एक राहिलं. त्या खोलीत मी नव्हतो, ते तुम्ही लिहिलं नाही."

आम्हाला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. १९७९ साली आम्ही घर सोडत होतो. हा मुलगा इंदापूर तालुक्यातला, बीएच्या शेवटच्या वर्षाला, रोज एसटीने ये-जा करायचा. त्याने विचारलं, सर, तुमची खोली मला मिळेल का? अजून दोन मुलं घेतो, भाडं वेळेवर देतो. आम्ही मालकांकडे शब्द टाकला. मालक सज्जन, आमच्याशी कधी वाकडं वागले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "कुणापैकी आहे, सर?" आम्ही आडनाव सांगितलं. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "मग राहू द्या. पाण्याची अडचण आहे." त्या वर्षी आम्ही वर्गात कांट शिकवत होतो. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, वगैरे. आणि मालकांना आम्ही म्हणालो, "बरं."

एवढंच. भांडण नाही, वाद नाही. मुलाला आम्ही सांगितलं, खोली दुसऱ्याला दिली. खोटं बोललो. त्याने मान हलवली. त्याला तेव्हाच कळलं होतं, हे आम्हाला पस्तीस वर्षांनी कळलं.

१९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तर काठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. आज बडोद्यात त्या प्रसंगाचं स्मरण होतं ते बागेतल्या एका झाडापाशी. घर नाही, झाड. कारण घर मिळालंच नव्हतं. हा प्रसंग आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो, दर वेळी हळहळलो. आमच्या स्वतःच्या ओट्यावर तोच प्रसंग, काठ्यांशिवाय, सभ्यपणे, घडला तेव्हा ओळखला नाही.

आता पुन्हा अभावाकडे. तो मुलगा त्या खोलीत नव्हता. हा कोणता अभाव? प्रध्वंसाभाव नव्हे, तो कधी आत आलाच नाही. वरवर पाहता अत्यंताभाव वाटतो. वायूला जसं रूप नाही तसा या खोलीत तो नाही, काल नव्हता, आज नाही, उद्या नसेल. काटेकोर नैयायिक इथे हरकत घेईल, आणि ती हरकत बरोबर आहे. तो म्हणेल, ज्याचं असणं शक्य होतं त्याचा अभाव अत्यंताभाव कसा? दार उघडलं असतं तर तो आत असता. 'पाण्याची अडचण' या शब्दांनी नेमकं हेच केलं. माणसाने केलेला अभाव वस्तूच्या स्वभावातून आल्यासारखा दाखवला. आणि आमच्या लेखाने तो दुसऱ्यांदा केला. कारण लेख वाचून कुणालाही वाटावं की त्या खोल्यांत राहिले तेच राहू शकणारे होते.

मग ती घरं पाडल्याचं दुःख करू नये का? करावं. आम्हाला अजून होतं. पण दुःख करताना हिशेब पुरा मांडावा. आज तिथल्या चार मजल्यांवर अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार चालतो. शब्द बघा. राहणारा आता भाडेकरूही नाही. परवाना घेऊन राहणारा आहे. मुदत संपली की उठायचं. डिपॉझिट जास्त, ओट्यावरची भाकरी नाही. जुन्यात शेजार होता आणि दारावर आडनावाचा पहारा होता. नव्यात शेजार पातळ झाला. पहारा गेला म्हणावं, तर फोनवर आडनाव विचारून 'जागा गेली' सांगणारे अजून आहेत. जुनं चांगलं की नवं, या वादात आम्हाला रस नाही. घर कुणाचं होतं, हा प्रश्न मालमत्ता पत्रक विचारतं. इतिहासाने विचारायचं, इथे कोण राहिलं, कुठून आलं, का उठलं, आणि कुणाला येऊ दिलं नाही. चौथा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण त्याचं उत्तर बहुतेक वेळा आपल्याच जवळ असतं.

त्या विद्यार्थ्याला आम्ही नंतर भेटायला गेलो. इंदापुरात त्याने स्वतःचं घर बांधलं आहे. माफी मागितली. तो म्हणाला, "सर, चहा घ्या आधी." त्याने माफ केलं की नाही, हे आम्ही विचारलं नाही, विचारायचा अधिकार नव्हता. निघताना त्याने एकच सांगितलं, लेख परत कुठे छापलात तर ती ओळ घाला. लेख आता पुस्तकात येतो आहे. पहिलं पान आम्ही काढून टाकलं आहे. आता लेखाची सुरुवात अशी आहे : या दोन घरांत पाच-सहा बिऱ्हाडं राहिली, आणि एका मुलाला आडनावामुळे जागा नाकारली, त्या वेळी आम्ही गप्प बसलो.

मंडळी, आज घरी गेल्यावर एक करा. आजवर राहिलात ते सगळे पत्ते एका कागदावर लिहा. भाड्याचे आधी. शेजारच्या बिऱ्हाडांची नावं आठवतील तेवढी लिहा. मग खाली एक रेघ मारून, तुमच्या देखत कुणाला 'राहू द्या' म्हटलं गेलं, ते लिहा. जुनी पावती सापडली तर फेकू नका.

वेळ झाली. तुमचे प्रश्न असतील तर घेऊ.